साक्ष कोणाची?

महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर जे कागद मागितले जातात, त्यांत एका कागदाचे नाव मोठे विचित्र आहे. ‘शाळा सोडल्याचा दाखला’. ज्याने शाळा धरलीच नाही, त्याने ती सोडायची कशी? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण ज्या कुटुंबांनी आपल्या मुलांना बुद्ध्याच घरी शिकवले, त्यांच्या दारात हा प्रश्न मुलाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी येऊन उभा राहतो. मूल गणितात तरबेज असते, त्याने ग्रंथालये पालथी घातलेली असतात, त्याला दोन-तीन भाषा उत्तम येतात. खिडकीच्या आतला कारकून मात्र हात पुढे करून कागद मागतो, आणि घरात असा कागद नसतो.

अशा वेळी आपण चटकन एक बाजू घेऊन मोकळे होतो. कोणी म्हणतो, कागद कसला पाहता, ज्ञान पाहा. कोणी म्हणतो, नियम तो नियम. उद्या कोणीही उठेल आणि ‘मी घरी शिकलो’ म्हणून सांगेल. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण मूळ प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. एखाद्याला काय येते याची साक्ष कोणी द्यायची, आणि ती साक्ष परक्याने का मानावी, हा तो प्रश्न आहे. तो नियमांचा आहे त्याहून अधिक नीतीचा आहे, असे आम्हाला वाटते. म्हणूनच त्याचा विचार या पानांवर करावासा वाटला.

घरी शिकलेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे अर्ज करावा, ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी थोडा काळ शाळेत गेल्या खऱ्या, पण त्यांना खऱ्या अर्थाने घडवले ते घरच्या शिकवणीने. ती शिकवणी त्यांचे पती गोपाळराव यांची. त्या शिकवणीतला कठोरपणा आज वाचतानाही अंगावर येतो, त्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही. १८८३ साली ही अठरा वर्षांची मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. त्या अर्जाचा आधार कोणत्याही परीक्षेचे गुण नव्हते. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, एवढेच तिने मांडले. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांच्या संस्थेने तिला घेतले. ११ मार्च १८८६ रोजी तिला वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या.

त्या सभागृहात हजर असलेल्या रमाबाईंची गोष्ट तर याहून पुढची. त्यांचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून त्यांना जातभाईंचा रोष सोसावा लागला. पुढे याच आईने मुलीला शिकवले. रमाबाईंना ना पाटी मिळाली, ना वर्ग. आईचा आवाज आणि पायाखालची तीर्थयात्रेची वाट, एवढीच त्यांची शाळा. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर फिरत फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तेव्हा तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या पंडितांनी विसाव्या वर्षातल्या त्या मुलीला तुझी शाळा कोणती असे विचारले नाही. त्यांनी शास्त्रातले प्रश्न विचारले.

ही दोन उदाहरणे पुढे करून दाखल्यांची हेटाळणी करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. दाखला ही वस्तू जन्माला का आली, हे विसरून चालत नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर हे त्या परीक्षेतून पुढे आले. त्याआधी मोठ्या जागी जायचे तर ओळख लागत असे, घराणे लागत असे, साहेबाची चिठ्ठी लागत असे. कोकणातल्या गरीब घरच्या मुलाला ओळख कोठून असणार? परीक्षा ही त्या मुलाची चिठ्ठी ठरली. पेपर तपासणाऱ्याला त्याचे नाव माहीत नव्हते, जात माहीत नव्हती, बाप काय करतो हे माहीत नव्हते. हे माहीत नसणे, हाच त्या कागदाचा मोठा गुण. परक्याची साक्ष ती हीच.

आईवडिलांची साक्ष या कामी का पुरत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. आईवडील खोटे बोलतात म्हणून नव्हे. ते प्रेम करतात म्हणून. मोशेच्या नियमशास्त्रात एकाच्या साक्षीवर गोष्ट ठरवू नये, दोघा-तिघांची साक्ष हवी, असा दंडक आहे. तो दंडक गुन्ह्याच्या निवाड्यासाठी असला, तरी त्यामागची जाण सर्वत्र लागू पडावी अशी आहे. जो शिकवतो त्यानेच तपासले, तर मुलाच्या चुका त्याच्या डोळ्यांना सवयीच्या झालेल्या असतात. आणि मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. घराबाहेरच्या माणसाने ‘तुला येते’ असे म्हटले, की मुलाला जो धीर येतो, तो आईने शंभरदा म्हटल्याने येत नाही.

शुभवर्तमानात या प्रश्नाची दोन ठिकाणे आहेत. संत योहानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू मंदिरात शिकवू लागतो, तेव्हा लोक नवल करतात की हा कुणापाशी शिकला नाही, तरी याला विद्या कशी आली. आजच्या भाषेत सांगायचे तर ते दाखला मागत होते. दुसरे ठिकाण संत लूकचे. बारा वर्षांचा बालक येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आहे, प्रश्न विचारतो आहे, आणि ऐकणारे त्याच्या उत्तरांनी थक्क होतात. नाझरेथच्या घरात जे शिकणे झाले, ते इथे परक्या विद्वानांपुढे उघड झाले. या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ ऐकली आहेत, बहुतेक आईवडिलांच्या शोधाशोधीवर. पण त्या गुरुजनांचाही थोडा विचार व्हायला हवा. कोण कुठला गॅलिलीतला पोर, त्याला त्यांनी हुसकले नाही. आपल्यात बसू दिले.

आपल्या ख्रिस्तसभेने आईवडिलांना मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक मानले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र दिले त्यात हे आहे, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबावरील आपल्या पत्रात ते पुन्हा ठामपणे मांडले. घरी शिकवणारे कॅथलिक पालक, विशेषतः अमेरिकेतले, याच वचनांचा आधार घेतात. तो आधार खरा आहे. मात्र त्याच घोषणापत्रात लगेच पुढे असे सांगितले आहे की शिक्षणाचे काम प्रथम कुटुंबाचे असले तरी त्याला साऱ्या समाजाचे साहाय्य लागते. ‘पहिले’ याचा अर्थ ‘एकटे’ असा नव्हे. ज्यांनी मुलाला शाळेतून काढले वा शाळेत घातलेच नाही, त्यांच्यावर एक जादा जबाबदारी येते. आपल्या मुलासाठी परक्याची साक्ष त्यांनी वेळेवर शोधून ठेवली पाहिजे. तत्त्व आईवडिलांचे आणि त्याची किंमत मात्र सतराव्या वर्षी मुलाने मोजायची, हे न्यायाचे नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्पष्ट बोलत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले. ते कर्तव्य न केल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. अमेरिकेत १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर झाले होते. तिथली विद्यापीठे अशा मुलांकडून सामायिक परीक्षेचे गुण, शिकलेल्या विषयांची आईवडिलांनी केलेली नोंद आणि घराबाहेरच्या एखाद्या शिक्षकाचे पत्र मागतात. घरची साक्ष आणि परक्याची साक्ष, दोन्ही समोर ठेवून निर्णय होतो.

हा फरक २०१६ साली साऱ्या देशाला दिसला. मुंबईच्या मालविका राज जोशी हिला आईने सातवीत असताना शाळेतून काढून घरी शिकवले. तिच्यापाशी दहावीचे प्रमाणपत्र नव्हते, बारावीचेही नव्हते. आय.आय.टी.चे दार बारावीच्या अटीमुळे तिला बंद होते. चेन्नईच्या गणित संस्थेने तिचे ज्ञान पदवीच्या तोडीचे आहे हे पाहून तिला थेट एम.एस्सी.च्या वर्गात घेतले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले होते, त्या बळावर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. जी मुलगी एका दारी बारावी नापासाइतकीही धरली गेली नाही, तिला दुसऱ्या दारी पदवीधरांच्या पंक्तीत बसवले गेले.

वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘प्रमाणपत्राविना यश’ असे मथळे दिले. ते आम्हाला तितकेसे पटले नाही. तीन पदके हीही प्रमाणपत्रेच होत, नव्हे अधिक कडक प्रमाणपत्रे. कारण ती जगभरच्या परीक्षकांनी दिली होती. तिने साक्ष आणली होती, फक्त ती ठरलेल्या नमुन्यातली नव्हती. आता २०२५-२६ पासून आय.आय.टी. मद्रासने ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्यांना वेगळ्या वाटेने प्रवेश देण्यास सुरुवात केली आहे. हे स्वागतार्ह आहे. बारावीची अट मात्र त्या वाटेवरही आहे. शिवाय पदक मिळवणारी मुले हजारांत एक. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय?

या ठिकाणी आम्हाला कुडपण आठवते, आणि का ते सांगायला हवे. घरशाळेचा विषय निघाला की शहरातले सुशिक्षित घर डोळ्यांपुढे येते. पुस्तकांची कपाटे, संगणक, इंग्रजी बोलणारी आई. पण घरी राहून शिकणारी किंवा शिकू पाहणारी मुले डोंगरातही आहेत. फक्त त्यांना कोणी घरशाळेचे विद्यार्थी म्हणत नाही. त्यांना ‘शाळाबाह्य’ म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या अगदी कडेला, पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगावर कुडपण गाव आहे. पावसाळ्यात धबधबे पाहायला हल्ली मुंबई-पुण्याची तरुण मंडळी तिथे जातात, आणि ‘भीमाची काठी’ म्हणतात त्या सुळक्याचे फोटो काढून परततात. आम्ही गेलो तेव्हा धुके इतके दाट होते की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. उतारावर नाचणी आणि वरी; घरोघरी मुंबईला गेलेला एखादा मुलगा वा भाऊ; आणि खाली उतरणारा वळणावळणाचा रस्ता.

नियम म्हणतो, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या. सह्याद्रीत किलोमीटर नकाशावर मोजायचा की पायांनी, हे नियम सांगत नाही. चौथी किंवा सातवी झाली, की अशा गावातल्या मुलांपुढे वाटा थोड्याच राहतात. मुंबईला काकांच्या खोलीत जाऊन राहायचे, वसतिगृहात जायचे, रोज उतरून चढायचे, नाहीतर घरी राहायचे. मुलगी असली तर शेवटची वाट आपोआप निवडली जाते. समजा, अशी एखादी मुलगी घरी राहूनही मोठ्या भावाची पुस्तके वाचत राहिली. चुलत्यांचे हिशेब करू लागली. आजीकडून औषधी झाडपाला शिकली. चार-पाच वर्षांनी तिला वाटले की महाविद्यालयात जावे. महाडला १९६१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, पोलादपूरलाही महाविद्यालय झाले आहे. ती त्या खिडकीपाशी उभी राहिली, तर तिच्यात आणि शहरातल्या घरशाळेच्या विद्यार्थ्यात फरक कोणता?

एकाने शाळा नाकारली, दुसरीला शाळेने नाकारले. फरक हा आहे, आणि तो नैतिकदृष्ट्या फार मोठा आहे. तरी दोघांच्याही हातात कागद नाही, आणि खिडकीच्या आतून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. म्हणून घरशाळेच्या मुलांसाठी वेगळे दार मागणाऱ्या पालकांना आम्हाला एक विचारायचे आहे. ते दार कुडपणच्या मुलीलाही पुरेल असे आहे का? सामायिक परीक्षेचे परदेशी शुल्क, ऑलिंपियाडची शिकवणी, नामवंत प्राध्यापकाचे शिफारसपत्र या तीन गोष्टींनीच जर ते उघडणार असेल, तर १८५९ सालच्या आधीची चिठ्ठीच आपण नव्या रूपात परत आणली असे होईल.

महाडच्या मातीत हा प्रश्न विचारताना चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावे लागले. त्या अन्यायाची तुलना प्रवेशअर्जाशी करणे योग्य नव्हे, आणि आम्ही ती करीत नाही. पण कागदावर उघडे असलेले दार प्रत्यक्षात बंद असू शकते, हे या तालुक्यांनी जितके जवळून पाहिले आहे तितके थोड्यांनी पाहिले असेल.

कागदावर उघडी असलेली दारे आज आहेत. ती ठाऊक असणे निम्मे काम आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. महाराष्ट्रात ‘सतरा नंबरचा फॉर्म’ सर्वांना ठाऊक आहे. शाळेत न जाता खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांसाठी मंडळाने ठेवलेली ही वाट. गिरणीत राबणाऱ्यांनी, घरकाम करणाऱ्या मुलींनी, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती धरलेल्या बायकांनी ती मळून काढली आहे. अर्जदाराला जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, तोंडी परीक्षा व प्रकल्प तिथे होतात. पण या फॉर्मलाही शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. कुडपणच्या मुलीपाशी सातवीचा दाखला असेल, तर तिचे अडणार नाही. शहरातल्या ज्या मुलाने शाळेचे तोंडच पाहिले नाही, तो इथे अडेल. गरिबाची वाट एका जागी तरी श्रीमंताच्या वाटेपेक्षा रुंद निघाली, याचे आम्हाला थोडे बरेच वाटते.

त्या मुलासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. १९८९ साली स्थापन झालेली ही संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते, आणि आठवीचा दाखला नसल्यास ‘मी या अभ्यासक्रमास योग्य इतके शिकलो आहे’ अशा स्वतःच्या लेखी निवेदनावर समाधान मानते. सरकारी व्यवस्थेने एका किशोरवयीन मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, ही गोष्ट लहान नाही. साक्ष नंतर परीक्षा देईलच. तोवर शब्द पुरे. त्याच मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्या मुलांना मात्र वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवणारी तरतूद अनेक वर्षे होती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तेव्हा कोठे तो कागद इतर कागदांच्या बरोबरीने बसला.

याहूनही चिवट उदाहरण आपल्याच ख्रिस्ती घरातले आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी काही काळ मिशन शाळेत आणि काही काळ घरी, धर्मोपदेशक वडिलांपाशी शिकल्या. १८९२ साली ऑक्सफर्डने खास ठराव करून त्यांना कायद्याच्या परीक्षेला बसू दिले. पदवी हातात पडली ती १९२२ साली. तीस वर्षे त्यांना येत होते आणि कागद म्हणत होता, येत नाही.

आमच्या समाजाच्या महाविद्यालयांकडे, वसतिगृहांकडे आणि शाळांकडे म्हणून आमचे एक मागणे आहे. अल्पसंख्याक संस्था म्हणून प्रवेशाच्या बाबतीत कायद्याने आपल्याला थोडे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा आपल्या मुलांच्या राखीव जागांपुरती होते. नियमाची चौकट न मोडता आपली एखादी शाळा डोंगरातल्या आणि घरातल्या मुलांसाठी सतरा नंबरचे संपर्क केंद्र आनंदाने होऊ शकते. आनंदाने म्हणतो, कारण अशा मुलांकडे उपद्रव म्हणून पाहणारे संपर्क केंद्रही असू शकते. निवृत्त शिक्षकशिक्षिका आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. वर्षातून दोनदा अशा मुलाला समोर बसवून, प्रश्न विचारून, त्याला काय येते आणि काय येत नाही हे प्रामाणिकपणे लिहून देणे त्यांना अवघड नाही. त्या पत्राला सरकारी मोल नसेल. पण ते मूल पहिल्यांदाच परक्यापुढे बसलेले असेल.

आणि घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनी मुलाच्या चौदाव्या वर्षाची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. सतरा नंबरच्या अर्जांची मुदत बहुधा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान पडते. शहरात अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि कागद संपर्क केंद्रावर नेऊन देता येतात. पोलादपूरच्या वरच्या गावांत त्याच दिवसांत दरड कोसळून रस्ता बंद असतो, मोबाइलला रेंज नसते, आणि भातलावणीला प्रत्येक हात हवा असतो. मुदत टळली तर विलंब शुल्क भरून अर्ज करता येतो. पण त्यासाठीही कोणीतरी खाली उतरावे लागते.